आहाराचे प्रश्न: यावेळी सगळी पत्रं सोलापूरची

यावेळी सदरात फक्त सोलापूरची पत्रं घेतलीयत, कारण ती आलीच इतकी की बाकीची बाजूला ठेवावी लागली, आणि खरं सांगायचं तर मला ती एकत्रच वाचायला हवी होती. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेलं हे शहर, मुंबई-पुण्याच्या मानाने लहानच, पण एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं, कुठे यंत्रमाग तर कुठे विडीचं सूप, आणि प्रत्येक घरात चुलीवर वेगळं काहीतरी. अशा ठिकाणी "सकस आहार घ्या" म्हणणं सोपं आहे, पण कुणाच्या घरात नक्की काय घ्यायचं हे सांगणं अवघड आहे, आणि बहुतेक पत्रं त्याबद्दलच आहेत.

प्रश्न: मी पूर्व भागात अंगणवाडी सेविका आहे. महिन्यातून पाककृतीचं प्रात्यक्षिक घ्यावं लागतं. तक्त्यावर पालक, दूध, सफरचंद, पनीर अशी चित्रं आहेत. बायका येतात, मान डोलावतात, खाऊन जातात आणि घरी जाऊन काहीच करत नाहीत. निम्म्या तेलुगू बोलणाऱ्या, काही कानडी, काही मुस्लिम घरं, बहुतेक विडी वळणाऱ्या. मी नक्की काय शिजवून दाखवू?

ताई, पहिल्यांदा तो तक्ता भिंतीवरच राहू द्या. सफरचंदाचा भाव बघून जी बाई पुढे निघून जाते तिला सफरचंदाचं चित्र दाखवून उपयोग नाही, उलट तिला वाटतं की चांगलं खाणं हे आपल्यासाठी नाहीच, आणि हे वाटणं मला सगळ्यात घातक वाटतं.

प्रात्यक्षिकाच्या आधी एक दिवस फक्त विचारा, काल रात्री काय केलं होतं, कुठल्या डाळीचं, किती जणांत, शेवटी कोण जेवलं. वहीत लिहून ठेवा. तुम्हाला दिसेल की भाषा चार असल्या तरी बऱ्याच गोष्टी सगळ्यांच्या घरात आहेत. अंबाडीच घ्या ना, मराठी घरात ज्वारीच्या कण्या घालून भाजी होते, तेलुगू घरात गोंगुराची पच्चडी म्हणजे चटणी किंवा पप्पू म्हणजे डाळ होते, कानडी घरात पुंडी पल्ल्या होतो आणि दख्खनी मुस्लिम घरात हीच पालेभाजी गोश्तात किंवा डाळीत पडते. म्हणजे पालक कशाला, तुमच्या गल्लीचा पाला आधीच ठरलेला आहे. तो डाळीत शिजवायचा, वरून शेंगदाण्याचं कूट आणि लसूण-तेलाची फोडणी, लहान मुलांसाठी तिखट घालायच्या आधी बाजूला काढायचं, झालं.

दुसरं म्हणजे हुलगे. हुलग्याचं माडगं जुन्या बायकांना माहिती आहे, तेलुगू घरात उलवचारू माहिती आहे, कानडी घरात हुरळी म्हणतात. 100 ग्रॅम हुलग्यात 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि लोहही चांगलं असतं, पण हे आकडे बायकांना सांगायची गरज नाही, ते तुमच्यासाठी. बायकांना एवढंच दाखवा की हुलगे रात्री भिजवून मोड आणले की पचायला हलके होतात, त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि मोड आलेल्या हुलग्यांवर शेवटी लिंबू पिळलं तर अजून चांगलं. इतकी वर्षं हुलगे म्हणजे गरिबाचं किंवा बैलाचं खाणं असं मनात बसलंय, ते काढायला तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर बसून खाल्लं पाहिजे.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी तर सोलापूरच्या जिभेवरच आहे. ज्वारी आणि शेंगदाणा ही जोडी चांगलीच आहे, त्याबरोबर वाटीभर डाळ आणि एखादी कच्ची भाजी म्हणजे कांदा, काकडी, टोमॅटो, मुळा काहीही असलं की ताट पुष्कळ भरतं. मांसाहारी घरांना मटणच पाहिजे असं काही नाही. अंडं आहे, कलेजी आहे, सुकट आहे (पाण्यात भिजवून मीठ काढून टाकायचं), उजनी धरणातला चिलापी मासा आहे. थोड्या प्रमाणात आठवड्यातून दोनदा घातलं तरी फरक पडतो, आणि ते आईच्या ताटात पण पडलं पाहिजे, फक्त नवऱ्याच्या आणि मुलग्याच्या नाही. हे वाक्य मोठ्याने सांगा, सासवा समोर असताना सांगा.

विडी वळणाऱ्या बायकांसाठी मात्र वेगळं बोलावं लागेल. हजार विड्या पूर्ण करायच्या म्हणून सकाळी चहा-बटरवर बसलेली बाई दुपारी तीनला जेवते, त्यात तंबाखूची मिश्री दातांना लावली की भूक मरते ते वेगळंच. त्यांना पाककृती सांगू नका, वेळ सांगा. कामाला बसायच्या आधी भाकरी आणि चटणी पोटात गेली पाहिजे, चहा नंतर तासाभराने. तंबाखूचं सूप चुलीपासून आणि रांगत्या मुलापासून लांब, आणि पीठ मळायच्या आधी, बाळाला भरवायच्या आधी साबणाने हात धुणं, नुसतं पाणी नाही. पोटात बाळ असेल तर मिश्री बंद झालीच पाहिजे, त्याने बाळ कमी वजनाचं होतं, यात मधला मार्ग नाही.

आणि एक, प्रात्यक्षिक तुम्ही करू नका. एका महिन्यात पच्चडी करणाऱ्या अक्काला उभं करा, पुढच्या महिन्यात कानडी अव्वाला, नंतर खट्टी डाळ करणाऱ्या खालाला. तुम्ही शेजारी उभं राहून फक्त दोन गोष्टी सांगा, यात डाळ थोडी वाढवा, वरून लिंबू पिळा. तेलुगूमध्ये तेलुगू बाईने सांगितलेलं घरी पोचतं.

प्रश्न: रेशनच्या तांदळात वेगळेच दाणे सापडतायत, जरा पिवळट, पाण्यावर तरंगतात. शेजारणीने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला की हा प्लास्टिकचा तांदूळ आहे. आम्ही ते दाणे निवडून टाकतो. बरोबर करतोय ना?

नाही काकू, कृपया टाकू नका, तेच दाणे सगळ्यात कामाचे आहेत. ते प्लास्टिक नाहीये. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 मिसळून मशिनमधून परत तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि साध्या 100 किलो तांदळात असे 1 किलो दाणे मिसळतात. 2021 च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून हे जाहीर केलं होतं आणि 2024 पर्यंत रेशन, अंगणवाडी, शाळेचा आहार सगळीकडे हाच तांदूळ आला. पोत्यावर निळं एफ आणि अधिकचं चिन्ह असतं ते बघा. पिठाचे दाबून केलेले दाणे असल्यामुळे ते जरा हलके असतात, म्हणून काही तरंगतात, रंगही थोडा वेगळा दिसतो.

भाताचा गोळा करून जमिनीवर आपटला आणि तो उसळला म्हणजे प्लास्टिक, असं त्या व्हिडिओत असतं. कुठल्याही तांदळाचा चिकट भात उसळतो, ते पिष्टामुळे होतं. जाळून बघायचं असेल तर बघा, तांदूळ जळून काळा कोळसा होतो, प्लास्टिक वितळून थेंब पडतात आणि वास असा येतो की घरात थांबवत नाही.

फक्त एवढं करा की तांदूळ पाच-सहा पाण्यांनी रगडून धुवू नका, एक-दोनदा हलक्या हाताने धुवा, आणि वरचं पाणी ओतताना तरंगणारे दाणे जाऊ देऊ नका. घरात कुणाला थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या. राग मला त्या व्हिडिओवाल्यांचा येतो, कारण ज्या घरात रक्त सगळ्यात कमी आहे त्याच घरातून लोह गटारात चाललंय, आणि हे तांदूळ देताना दुकानात कुणी दोन वाक्यं तेलुगूत किंवा उर्दूत समजावून सांगितली असती तर एवढी भीती पसरलीच नसती.

प्रश्न: मुलगी 14 वर्षांची, शाळेतल्या तपासणीत हिमोग्लोबिन 8.9 आलं. शाळेतून मिळालेली निळी गोळी खाल्ली की मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून मी बंद केली. रोज बीट आणि डाळिंबाचा रस देते. आपल्याकडे डाळिंब तर इतकं छान मिळतं. महिना झाला, परत तपासू का?

ताई, गोळी बंद केलीत ती परत सुरू करायचीय, पण आधी तिला दवाखान्यात दाखवा. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी ही रक्त कमी होऊ नये म्हणून असते. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 तरी हवं, 8.9 म्हणजे मध्यम अॅनिमिया, याला रोजची गोळी लागते आणि ती किती ते डॉक्टर ठरवतील. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात हे फुकट होतं.

काळी शौच होणं हे लोहामुळेच आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळीसाठी गोळी रात्रीच्या जेवणानंतर द्या, लिंबू सरबताबरोबर दिली तर अजून चांगलं. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर अजिबात नको, मध्ये निदान तास-दोन तास जाऊ द्या. जंताची गोळी घेतली का ते विचारा, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास शाळेत देतात, त्या दिवशी गैरहजर असेल तर राहून गेली असेल. आणि पाळीत रक्तस्राव खूप जातो का हे तिला एकटीला बसवून विचारा, या वयात मुली स्वतःहून सांगत नाहीत आणि कित्येकदा मूळ कारण तिथेच असतं.

आता डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच शहरात आहे, फळ उत्तम आहे, जरूर खा. पण लाल रंगामुळे रक्त वाढत नाही. 100 ग्रॅम दाण्यांत लोह 1 मिलिग्रॅमसुद्धा नसतं, बीटाचंही जवळपास तसंच. रस करून गाळलात तर त्यातला चोथाही गेला. त्या पैशांत आठवड्याची अंडी येतील, चालत नसतील तर हुलगे, मटकी, हरभरा, अळीव, बाजरीची भाकरी, आणि बरोबर आवळा, लिंबू, पेरू यातलं काहीतरी. भोगीला आपण करतो ना, तिळाची बाजरीची भाकरी आणि हरभरा, पावटा, गाजर, वांगं, शेंगदाणे घातलेली मिक्स भाजी, तसं जेवण थंडीभर आठवड्यातून दोनदा व्हायला काय हरकत आहे, त्यासाठी संक्रांतीच्या गड्डा यात्रेची वाट कशाला बघायची. पण हे सगळं गोळीच्या सोबत आहे, गोळीच्या जागी नाही, 8.9 वरून 12 वर नुसत्या खाण्याने चढायला फार काळ जातो आणि तेवढ्यात दहावीचं वर्ष येतं. महिन्याने तपासणी करा, आकडा हललाच नाही तर पुढच्या तपासण्या लागतील.

तुमची मुलगी एकटी नाहीये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांना अॅनिमिया निघाला. स्वतःचंही तपासून घ्या, खरंच.

प्रश्न: माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. गल्लीतली सगळी पोरं पाच रुपयांची पाकिटं खातात, त्याला पण तेच पाहिजे. जेवायला बसलं की दोन घास. चहात बिस्किट बुडवून दिलं तर खातो. वजन वाढत नाही. मी आणि सासूबाई दोघी दिवसभर कामात असतो.

चहा-बिस्किट पहिल्यांदा बंद करा, पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. दीड वर्षाच्या मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं, त्यात चहा, बिस्किट आणि पाकिटातलं तळलेलं पीठ-मीठ गेलं की जेवायला जागा आणि भूक उरतच नाही, आणि मग आपण म्हणतो की हा जेवत नाही.

घरात तुम्ही जे करता तेच द्या. कडक भाकरी गरम वरणात कुस्करून दहा मिनिटं भिजू द्या, त्यात चमचाभर तेल किंवा तूप आणि शेंगदाण्याचं बारीक कूट घाला. अख्खे शेंगदाणे, फुटाणे या वयात अजिबात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. खिचडी, दहीभात, पप्पू-भात, ज्वारीची आंबील, उकडलेलं अंडं कुस्करून, केळं, शेंगाच्या पोळीचा तुकडा, यातलं जे त्या दिवशी असेल ते, पण दिवसात चार-पाच वेळा थोडं थोडं. पातळ पाण्यासारखं नको, चमच्यावरून घसरणार नाही इतकं घट्ट पाहिजे. अंगावरचं दूध चालू असेल तर चालू ठेवा, दोन वर्षं आणि त्यापुढेही चालतं. कामात असता हे कळतंय मला, म्हणून सांगतेय की सकाळी कूट आणि भाजलेल्या डाळी-ज्वारीचं पीठ डब्यात भरून ठेवा, मोठं भावंड किंवा आजोबा सुद्धा गरम पाण्यात किंवा दुधात शिजवून देऊ शकतात.

अंगणवाडीत नेऊन दंडाचा घेर मोजून घ्या, तिथे रंगीत पट्टी असते. 12.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर लक्ष द्यावं लागेल, 11.5 च्या खाली असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. त्याच्या नावाने घरपोच आहाराची पाकिटं मिळतात ती आणा आणि त्यालाच द्या. घरात चार माणसांत ती वाटली जातात, मी कुणाला दोष देत नाहीये, घरात सगळ्यांनाच भूक असते, पण ते पाकीट त्याच्या हिशोबाने बनवलेलं असतं.

गल्लीतल्या पाकिटांचं एकट्या आईने काही होत नाही. चार-पाच जणींनी मिळून ठरवा की दुपारी चारला सगळ्या पोरांना एकत्र बसवून एकीच्या घरी मुरमुऱ्याचा चिवडा नाहीतर मोड आलेली मटकी, रोज पाळीने. मुलं एकमेकांचं बघून पाकीट मागतात, तशीच एकमेकांचं बघून मटकी पण खातात.

प्रश्न: आम्ही लिंगायत, घरात अंडं चालत नाही. शाळेत अंडं देणार म्हणून आमच्या पालकसभेत भांडण झालं. मला स्वतःला कळत नाहीये की कुणाची बाजू घ्यावी.

तुमचा मुलगा अंडं खाणार नाही हा तुमच्या घराचा निर्णय आहे आणि त्याचा मान शाळेने ठेवायलाच हवा, वेगळं भांडं, वेगळा चमचा, त्याच्या हातात केळं. पण त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीचं काय, जिच्या घरी अंडं चालतं पण परवडत नाही? एका अंड्यात 6 ग्रॅम चांगली प्रथिनं असतात, बी-12 असतं, त्यात भेसळ करता येत नाही आणि मोजून देता येतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या आहारातून 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे, नुसत्या भात-आमटीत आमटी पातळ झाली की ते कुठून येणार.

महाराष्ट्रात 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एकदा अंडं आणि जी मुलं खात नाहीत त्यांना केळं किंवा फळ, असा निर्णय झाला होता, आणि मला तो अगदी योग्य वाटला होता. 2025 च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं म्हणून सांगितलं. ज्या शाळेतल्या पालकांकडे वर्गणी द्यायला पैसे आहेत त्यांच्या मुलांना अंड्याची तेवढी गरजच नसते, मग हे कसं चालणार? मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्यासारख्या शाकाहारी घरातल्या बाईने सभेत उभं राहून म्हटलं ना, की आमच्या मुलाला केळं द्या आणि बाकीच्यांना अंडं द्या, तर त्याचं वजन सगळ्यात जास्त पडेल. म्हणून बघा.

प्रश्न: अब्बांना शुगर आहे, गोळी आणि इन्सुलिन दोन्ही चालू. रोजे सोडायला तयार नाहीत. मागच्या रमजानमध्ये चक्कर येऊन पडले होते. सेहरीत, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणात, काय द्यावं?

भाऊ, सेहरीच्या आधी औषधाचं बघायला लागेल. रमजानच्या महिना-दोन महिने आधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, इन्सुलिनची मात्रा आणि वेळ बदलावीच लागते, नेहमीचा डोस तसाच घेऊन रोजा धरला तर परत तसंच होईल. मागच्या वर्षी पडले होते हे डॉक्टरांना नक्की सांगा, कदाचित ते रोजे ठेवू नका म्हणतील, आणि आजारी माणसाला दीनमध्येच, म्हणजे धर्मातच, सवलत आहे हे त्यांना मशिदीतल्या इमामसाहेबांनी सांगितलं तर ते जास्त ऐकतील. बोटाला टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही असं अनेक उलेमांनी सांगितलंय, त्यामुळे दिवसातून तीन-चारदा तपासा. 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की त्याच क्षणी रोजा सोडायचा, संध्याकाळ दहा मिनिटांवर आली असली तरी.

सेहरी जितकी उशिरा करता येईल तितकी करा. ज्वारीची भाकरी, डाळ किंवा अंडं, दही, भाजी, भरपूर पाणी. नुसता चहा-पाव किंवा शीरखुर्मा नको. ज्वारीने शुगर वाढतच नाही असा आपल्याकडे एक समज आहे, तो खरा नाही, भाकऱ्या मोजूनच खायच्या. इफ्तारला एक खजूर, पाणी, मग फळाचे तुकडे आणि चण्याची चाट, भजी-समोसे चवीपुरते, सरबत साखरेशिवाय. नमाजनंतर नीट जेवण. आणि डॉक्टरांकडे जाताना अम्मींना पण बरोबर न्या, पातेल्यात काय पडणार ते त्या ठरवतात.